पोत्यांखालची वीस खोकी

गुरुवार, १२ ऑगस्ट १९७६. सकाळी आठ वाजून वीस मिनिटं. आलापल्लीच्या पुढच्या जंगलात एका नाल्यावरचा दगडी रपटा, म्हणजे बुटका पूल, खचला आणि नागपूरहून आलेल्या मदतीच्या ट्रकची पुढची दोन्ही चाकं पाण्यात उतरली.

कोणाला खरचटलंही नाही. ट्रकमध्ये चार माणसं होती, धान्याची शंभर पोती होती आणि सलाइनच्या बाटल्यांची वीस खोकी. हा प्रवास त्या खोक्यांसाठी होता. पुढे चार किलोमीटरवर मोहगट्टा, मग नदी आणि नदीपलीकडे नेंडगुडा. नेंडगुड्यात पटकीची साथ होती. दवाखान्यात डॉक्टर नव्हता. शामला नावाची एकटी नर्स होती. मंगळवारी तिचा वायरलेसवरचा निरोप नागपुरात पोचला : रुग्ण एकेचाळीस. सलाइन गुरुवार दुपारपर्यंत पुरेल.

शामलाचे वडील चंपतराव ट्रकमध्येच होते. नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात तीस वर्षं मुकादमी केलेला माणूस. ट्रक त्यांनी स्वतः भरला होता.

बुधवारी पहाटे वाडीत माल चढत होता, तेव्हा नागपूरच्या नंदनवनहून आलेल्या सिस्टर ताराबाईंनी त्यांना विचारलं होतं, "चंपतराव, खोकी मागे, फाळक्याजवळ ठेवता येतील का?"

"काहून?"

"तीच आधी लागतील."

"सिस्टर, तुमी सुई टोचा. गाडी आमाले भरू द्या. आलापल्ली पयली, मंग मोहगट्टा, नेंडगुडा शेवटी. जे शेवटी उतरते ते आंधी चढते. मधात काच, भवताल पोते. माह्या हातानं भरलेल्या गाडीत आजवर एक बाटली फुटली नाही."

ड्रायव्हर रुपराव टपावरून हसला होता. "काकाजी काचेले नव्या सुनेवानी जपते, सिस्टर! अन् उपकार केल्यावानी जन्मभर बोलूनबी दाखवते."

पथकाचे प्रमुख शरच्चंद्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर होते. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस. त्यांनी वजन विचारलं, डिझेल विचारलं, रस्ता विचारला आणि भरतीच्या यादीवर सही केली. ट्रक वाटेत अडला तर सगळ्यात आधी काय बाहेर काढायचं, हे त्यांनी विचारलं नाही. त्या यादीत तसा रकानाच नव्हता.

आता ट्रक नाक खुपसून उभा होता. आलापल्लीची पोती आदल्या संध्याकाळी उतरली होती, त्यामुळे मागे जागा झाली होती. आणि धक्क्यासरशी उरलेला सगळा माल पुढे सरकून केबिनला भिडला होता. खोकी तिथंच होती, सगळ्यात खाली.

शरच्चंद्र वरून शिरले. एक पोतं उपसलं की दुसरं घसरून त्याच जागी येई. दहा मिनिटांनी ते बाहेर आले.

"मागूनच रिकामा करावा लागेल. सगळा."

आठ पंचेचाळीसला सुरुवात झाली. पन्नास किलोची शंभर पोती, तीन पुरुष, एक बाई आणि धो धो पाऊस. चंपतरावांनी आधी चिखलात ताडपत्री अंथरली आणि तिच्यावर पोती रचायला घेतली. नीट, थरावर थर, गोदामात रचतात तशी.

"अहो, रचताय काय! फेका!" शरच्चंद्र ओरडले.

"अन्न हाय साहेब. मोहगट्ट्याच्या तोंडचं हाय."

"आणि नेंडगुड्याचं काय?"

चंपतराव थांबले. हातातल्या पोत्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि ते नाल्याच्या काठावर भिरकावलं. पोतं फुटलं. तांदूळ चिखलात पसरला. त्यानंतर त्यांनी एकही पोतं रचलं नाही.

पण पंचवीस पोती रचून झाली होती.

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी शेवटचं खोकं बाहेर आलं. वीसपैकी वीस. एकही बाटली फुटली नव्हती! उपसायला तीन तास पाच मिनिटं लागली होती.

वाटेने गेलेल्या एका गुराख्याकडून निरोप पोचला आणि वनरक्षक मारोतरावांनी मोहगट्ट्याहून बैलबंडी आणली. बांबूच्या बनातून, गुडघाभर चिखलातून बंडी चालली. दोन्ही बाजूंना साग उभे होते, त्यांच्या रुंद पानांवर पाऊस वाजत होता आणि पायवाटेचा ओढा झाला होता. दोनदा चाक रुतलं. दोनदा सगळ्यांनी खांदा लावला. एक चाळीसला नदी दिसली.

काठच्या अर्जुनाच्या खोडावर वन खात्याने पांढरा पट्टा रंगवलेला होता. पाणी पट्ट्याखाली असेपर्यंत डोंगा चालतो, पट्टा बुडाला की बंद; नावाड्यांचा तो पक्का नियम. पट्टा दिसत नव्हता.

"कधी बुडाला?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"साडेबाराले," नावाडी बापूजी आत्राम म्हणाला. "दहा-अकराले येते तं समदा माल दोन फेऱ्यात नेला असता."

चंपतराव बंडीतली खोकी उतरवायला लागले.

ताराबाई पुढे झाल्या. "बापूजी, पलीकडे माणसं मरतायत."

"ठाऊक हाय बाई. माहा साळाच हाय तिकडं." बापूजीने पाण्याचा अंदाज घेतला. बराच वेळ घेतला. "एक फेरी. एक माणूस. चार खोके. त्याच्यावर एक काडी नाही."

चंपतराव डोंग्यात जाऊन बसलेसुद्धा.

"उतरा," शरच्चंद्र म्हणाले.

"पोरगी हाय माही तिथं!"

"चंपतराव, तुम्हाला शीर सापडते का?"

चंपतराव उतरले. त्यांनी स्वतः चार खोकी डोंग्यात ठेवली. दोन पुढे, दोन मागे, दोरी घट्ट आवळून. ताराबाई बसल्या.

"शामलाला काय सांगू?"

"तिले सांगजा..." त्यांनी दोरीची गाठ पुन्हा आवळली. "काही नोका सांगू. आंधी बाटल्या लावा."

डोंगा सुटला. पहिले पन्नास हात तो सरळ गेला. मग प्रवाहाने त्याला उचललं! बापूजी गुडघ्यांवर बसून वल्हं मारत होता. मधल्या धारेत एक उन्मळलेलं झाड गरगरत खाली येत होतं.

"डाव्या हाताले! बापूजी, डाव्या हाताले!" रुपराव घसा फाडून ओरडला.

झाडाची फांदी पुढच्या टोकावर आदळली. डोंगा मागच्या टोकावर उभाच राहिला! दोरी तुटली. पुढची दोन खोकी पाण्यात गेली. ताराबाई मागच्या खोक्यांवर पालथ्या पडल्या, दोन्ही हातांनी ती कवटाळून. डोंगा फिरला, पुन्हा फिरला आणि वळणापलीकडे दिसेनासा झाला.

सोळा मिनिटं काठावर कोणी बसलं नाही. मग खूप खाली, पलीकडच्या काठावर, ताराबाईंचं लाल लुगडं हललं. अलीकडच्या काठावर बापूजीची बायको रंभाबाई उभी होती. ती मटकन खाली बसली. "पोचले वं माय," ती स्वतःशीच म्हणाली.

दोन खोकी, म्हणजे चोवीस बाटल्या, पलीकडे गेल्या. सोळा खोकी अलीकडे राहिली.

झाडाला बांधलेला दुसरा डोंगा जुना होता. चंपतरावांनी आणि रुपरावाने तो पाण्यात ओढला. चार खोकी चढली.

"मी परवानगी देत नाही," शरच्चंद्र म्हणाले.

"मांगतली कोनं?"

चंपतराव वल्हं घेऊन बसले. रुपरावाने दोर सोडायला हात घातला. धारेतून एक अख्खी म्हैस वाहत गेली, पाय वर झालेली. त्यामागे तीन झाडं. चंपतराव ती नजरेआड होईपर्यंत पाहत राहिले. मग त्यांनी वल्हं खाली ठेवलं.

"नोको सोडू गा रुपराव. मी बुडलो तं बुडलो. बाटल्या जातीन."

चारही खोकी त्यांनी एकेक करून वर आणली आणि मारोतरावांच्या झोपडीत, दाराशी ठेवली.

संध्याकाळी शरच्चंद्र त्यांच्याजवळ येऊन बसले. "सही माझी होती," ते म्हणाले. "दुसरी एखादी जीप फक्त खोकी घेऊन पुढे पाठवता आली असती. तेही सुचलं नाही. एकच ट्रक, एकच फेरी, डिझेल वाचतं, एवढंच डोक्यात होतं."

"तुमाले कोन दोष देते, साहेब."

"मी देतोय."

"मंग माह्या वाट्याचा माह्याकडं राहू द्या," चंपतराव म्हणाले.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला मोहगट्ट्याच्या वननाक्यावरचा वायरलेस बोलला. निरोप ताराबाईंचा होता : चोवीसपैकी एकोणीस बाटल्या लावल्या. कालपासून तीन दगावले, पैकी दोन सलाइन पोचण्याआधी. नर्स शामला काल दुपारपासून आजारी. तिने स्वतःसाठी बाटली ठेवली नव्हती. आता दुसरी सुरू आहे. नाडी क्षीण. जमेल तेवढं लवकर पाठवा.

मारोतरावांनी निरोप दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला चंपतरावांनी सांगितलं नाही.

अकरा वाजता पाणी पट्ट्याच्या हातभर वर होतं आणि वाढत नव्हतं. साडेअकराला नेंडगुड्याचा वायरलेस संच बंद पडला. दुपारी दोनपर्यंत तो पुन्हा लागलेला नव्हता; शामला कशी आहे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता आणि सोळा खोकी अजून अलीकडेच होती.