उजव्या नाकपुडीतली नथ

कल्याणला कुठलंच काम धड करायची सवय नव्हती, आणि केलेलं काम तपासायची तर मुळीच नाही. त्याची आई रंगुबाई हे चारचौघांत ठणकावून सांगायच्या. पण या मे महिन्यात त्यानं कमालच केली!

त्याचे वडील काकासाहेब गुरुजी गेले, पण त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी काढलेल्या रंगीत स्लाइड्स ट्रंकेत होत्या. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला पारदर्शक फिल्मचा तुकडा. कल्याणनं त्या एकामागून एक लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यावर टेकवल्या, मोबाईलनं फोटो मारले आणि गावाच्या ग्रुपवर टाकून मोकळा झाला.

त्यातल्या एका फोटोनं घात केला. पोळ्याचा दिवस. पुढे सजवलेली बैलजोडी, शेजारी ठसठशीत नथ घातलेल्या तरुण रंगुबाई, मागे विहीर. आणि विहिरीच्या डाव्या अंगानं जाणारी पाणंद, म्हणजे बैलगाडीची जुनी वाट!

शेजारचे कारभारी मोबाईल नाचवतच अंगणात आले. "बघा वहिनी! पाणंद तुमच्याच रानातून हुती. मी नांगरून टाकली म्हणून गावभर बोंब मारत हुता न्हाई का? उद्या महसुलाचे सर्कलसाहेब येत्यात. डावीकडची तुमची लिंबं काढायची आन् वाट खुली करायची!"

ती चौदा लिंबं गुरुजींनी स्वतःच्या हातानं लावलेली, घागरीनं पाणी घालून जगवलेली.

"पाणंद उजवीकडं हुती, तुझ्या रानात!" रंगुबाई कडाडल्या. "त्याच वाटेनं मी नवरी हुऊन आले. फोटो खोटा हाय!"

"आई, फोटो कसा खोटा असेल?" कल्याण कुरकुरला. "मी हो म्हणून टाकलंय त्यांना."

"व्हय? मला इचारायला तुझ्या जिभेला कुलूप लागलं हुतं?"

हे सगळं ओट्यावरून तीन जण ऐकत होते. सुट्टीला सावेडीहून आलेली कल्याणची आठवीतली पुतणी राजेश्वरी, तिचा भाऊ वरद आणि कल्याणची दहा वर्षांची मनवा.

"मोठ्यांनी हो म्हटलं म्हणून झाडं तोडायची? मुळीच नाही!" राजेश्वरी म्हणाली. "ती स्लाइड आपण पुन्हा नीट उतरवू. कदाचित अजून काहीतरी दिसेल."

मुलांनी बुटांच्या खोक्याला वर स्लाइडएवढी खाच पाडली. आत पांढरा उजेड दाखवणारा टॅब ठेवला आणि त्याचे ठिपके दिसू नयेत म्हणून मध्ये बटरपेपर ताणला. वरद रंगांच्या मऊ ब्रशनं स्लाइडवरची धूळ झटकत होता.

"फुंकू नकोस रे, थुंकी उडते!"

"मी काय उंट आहे?"

मनवा मात्र पप्पांनी काढलेला फोटो मोठा करून बघत बसली होती. "आजी, केवढी मोठी नथ गं तुझी! पण..." तिनं मान वर केली, आजीच्या नाकाकडे टक लावून पाहिलं. "आजी, तुझी तर डावी नाकपुडी टोचलीय! फोटोत नथ उजव्या नाकपुडीत कशी?"

वरदनं स्लाइड उजेडात तिरपी धरली. "ए, हिची एक बाजू चकचकीत आहे, एक मळकट!"

"कल्याणकाकांनी उलटी ठेवली!" राजेश्वरी ओरडली. मग मुलांनी चकचकीत बाजू वर करून पुन्हा फोटो काढला. नथ डाव्या नाकपुडीत आली, आणि पाणंद टुणकन विहिरीच्या उजवीकडे गेली!

सकाळी सर्कलसाहेब आले, मागोमाग कारभारींनी आणलेला जेसीबी धडधडत आला. राजेश्वरी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "थांबा! फोटो उलटा होता!"

"पोरांचा खेळ हाय, साहेब!" कारभारी हसले. "मोबाईलात काय बी फिरवता येतं."

"मग मोबाईल नकोच!" तिनं मूळ स्लाइड साहेबांच्या हातात दिली. "उन्हात धरा. एकदा या बाजूनं बघा, एकदा त्या."

साहेबांनी दोनदा पाहिलं. "पण यातली खरी बाजू कुठली?"

रंगुबाई पदर मागे सारून पुढे आल्या आणि नाक वर केलं. डाव्या नाकपुडीवरचं भोक सगळ्यांना दिसलं. "सातव्या वर्षी टोचलंय, साहेब! का रं कारभारी, पाणंदीसंगं माझं नाक बी हिकडचं तिकडं नेतोस का?"

जेसीबीचा ड्रायव्हरसुद्धा खो खो हसला. साहेबांनी पंचनाम्यात लिहिलं : पाणंद विहिरीच्या उजवीकडे, कारभारींच्या रानातून. मग नथ मनवानं हेरली हे कळताच त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आम्ही सगळ्यांनी वाट पाहिली, माणूस हिनं पाहिलं. शाब्बास!"

जेसीबी आल्या वाटेनं परतला. कल्याण खाली मान घालून ट्रंक उचलायला वाकला.

"ठेव ती खाली!" रंगुबाई म्हणाल्या. "पन्नाशी आली तुझी. जन्मापासनं ह्याच तोंडाकडं बघून जेवतोयस, तरी आईचं नाक कुठल्या बाजूला टोचलंय ते तुला ठावं न्हाई. आजपासनं ही ट्रंक पोरांची. तू हात लावायचा न्हाई!"