मोजणी एकाने जास्त भरली

हे खरं आहे. माझ्या नवऱ्याला विचारलंत तर तो हसेल आणि म्हणेल, "हिला सगळीकडे मुलंच दिसतात." त्याला विचारू नका. तो त्या दिवशी माझ्यापासून चार पावलांवर उभा होता, पण त्याने ऐकलं नाही. मी ऐकलं.

रात्र नव्हती. वीज गेलेली नव्हती. मार्च महिन्यातला शनिवार होता, दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं.

आधी आमच्याबद्दल सांगते. नवरा शीतगृहात मेकॅनिक आहे. मासळी गोठवायची यंत्रं बिघडली की रात्री-अपरात्री त्यालाच फोन येतो. त्याची बदली किनाऱ्यावर झाली. शीतगृह खाडीच्या तोंडाशी. खाडीच्या अल्याड एक गाव, पल्याड एक, मध्ये होडीने दहा मिनिटं. दोन्हीकडून कामाला अंतर सारखंच. म्हणजे नवरा-बायकोला भांडायला पूर्ण मोकळीक!

अल्याडचं गाव गजबजलेलं. चौथ्या-पाचव्या मजल्यावरची घरं, शाळा, दवाखाना, दिवसभर हॉर्न. पल्याडचं शांत. जुनी बैठी घरं आणि दार उघडलं की वाळू.

नवऱ्याचा जीव पल्याडच्या गावावर. "मुलं वाळूत खेळतील. आपल्याला कुठे मिळालं असं लहानपण?"

मी म्हणायचे, "ताप वाळूत बसून उतरत नाही. मला दवाखाना जवळ हवा."

थोरला सहा वर्षांचा, धाकटी चार. धाकटी वर्षातून चार वेळा आजारी पडते, आणि प्रत्येक वेळी माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं. माझ्यासाठी गाव निवडणं म्हणजे एवढंच होतं... ही दोघं कुठे सुखरूप राहतील?

आता माझ्या कामाबद्दल. हे नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मी अकरा वर्षं पाळणाघरात काम केलंय. मुलांना बागेत न्यायचं, परत आणायचं. कुठूनही निघताना दाराशी रांग लावायची. सगळ्यात उंच मूल पुढे, सगळ्यात बुटकं शेवटी. मी म्हणायचं, "मोजणी!" की पुढचं मूल ओरडणार "एक", मग "दोन", मग "तीन". आकडा बरोबर भरला की मी म्हणणार, "सगळे आले. चला घरी." मग "एक" म्हणणारं मूल चालायला लागणार. बाकीची त्याच्यामागे, प्रत्येकाने पुढच्याचा शर्ट धरलेला. काही झालं तरी शर्ट सोडायचा नाही.

मोजणी कमी भरली तर शोधायचं. आणि जास्त भरली तर? तसंही होतं. बागेतलं कुणाचं तरी मूल आपल्या रांगेत घुसतं. मग त्याला तिथे एकटं सोडायचं नाही. बरोबर घ्यायचं, आईबाप येईपर्यंत आपल्याकडे ठेवायचं.

हा नियम माझ्या हाडीमाशी खिळलाय. घरीसुद्धा मी दोनच मुलांची रांग लावायचे. नवरा चिडवायचा, "मला पण नंबर दे ना, बाई."

तर त्या शनिवारी आम्ही पल्याडचं घर बघायला गेलो. किल्ली एका म्हातारीकडे होती. गावात सगळे तिला मावशी म्हणत होते, आम्हीही म्हटलं. तिने कुलूप काढलं आणि स्वतः बाहेरच थांबली.

"आत या ना, मावशी."

"नको गं. गुडघे दुखतात. तुम्ही बघून घ्या."

उंबरा चार बोटांचाही नव्हता.

घर छान होतं. खरंच सांगते, मलासुद्धा आवडलं. दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर, खिडकीतून समुद्र. नवऱ्याचा चेहरा नुसता फुलला होता. दाराशेजारी, माझ्या कमरेखाली, तीन लाकडी खुंट्या होत्या. मुलांच्या उंचीच्या. आमच्या दोन्ही पोरांनी लगेच आपापल्या टोप्या अडकवल्या.

तिसरी खुंटी सगळ्यात खाली होती. आणि सगळ्यात गुळगुळीत... रोज कुणी काहीतरी अडकवावं तशी.

भिंतींवर धूळ होती, तिच्यावर नव्हती.

मुलं रिकाम्या खोल्यांमधून पळत होती. मी स्वयंपाकघरात नळ उघडून बघत होते. त्यांच्या पायांचा आवाज येत होता. थप थप थप.

नळ बंद केला आणि वळले, तर दोघंही माझ्या मागे उभी होती. गप्प. घामाघूम.

थप थप थप... आवाज आतल्या खोलीतून चालूच होता.

मग थांबला.

मी स्वतःलाच म्हटलं, शेजारचं पोर असेल. निघायची वेळ झाली होती, शेवटची होडी पाचला होती. मी सवयीने दाराशी रांग लावली. थोरला पुढे, धाकटी मागे.

"मोजणी!"

"एक!" थोरला.

"दोन!" धाकटी.

आणि मग... अगदी खालून, नुकतं बोलायला लागलेल्या मुलाचा असतो तसा बोबडा, आनंदी आवाज.

"तीन."

रिकाम्या घरात आवाज घुमतो, मला ठाऊक आहे. पण "दोन"चा घुमून "तीन" होत नाही.

मी तिथेच किंचाळायला हवं होतं. मुलांना उचलून पळायला हवं होतं. पण अकरा वर्षांची सवय. डोक्याला कळायच्या आधी तोंड बोलून गेलं.

"सगळे आले. चला घरी."

मुलं बाहेर पडली. नवरा पडला, मी पडले. मावशीने दाराची एक फळी हातात धरून ठेवली होती. आम्ही सगळे बाहेर आल्यावरही ती तशीच उभी राहिली. तिची नजर खाली होती... उंबऱ्यापासून पायरीपर्यंत हळूहळू सरकली. मग तिने दार लावलं.

नवरा म्हणाला, "घर आवडलं हो. दोन दिवसांत कळवतो."

"नाही घेतलंत तरी चालेल आता," मावशी म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दुःखाचं नव्हतं. फार दिवसांनी हात मोकळे झाले की माणूस जसं बघतं, तशी ती बघत होती.

होडीवाल्याने लाइफ जॅकेटं दिली. दोन मोठी, तीन छोटी. नवऱ्याने लक्षही दिलं नाही, फोनवर कुठल्यातरी कॉम्प्रेसरचं चाललं होतं. तिसरं जॅकेट मी माझ्या शेजारी बाकावर ठेवलं. माझी नजर अल्याडच्या काठावर होती, तिथल्या इमारती, तिथली गर्दी. कधी एकदा पोचतोय असं झालं होतं.

उतरताना जॅकेट उचललं. त्याचे तिन्ही पट्टे लावलेले होते.

मी लावले नव्हते.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगून टाकलं, पल्याडचं गाव नको म्हणजे नको. कारण सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग रागावला, मग दोन दिवस अबोला. पण मी हटले नाही. शेवटी त्याने हात टेकले. आम्ही अल्याडच्या गावात चौथ्या मजल्यावर घर घेतलं. खाली औषधाचं दुकान, समोर दवाखाना. खिडकीतून समुद्राचा टिपूससुद्धा दिसत नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, वेळेवर शहाणपण सुचलं, पोरं वाचली.

शाळेचा पहिला दिवस. सकाळी दाराशी रांग.

"मोजणी!"

"एक!"

मध्ये जरा वेळ गेला.

"तीन!" धाकटी म्हणाली.

मला हसूच आलं. "दोन गं, वेडाबाई."

"दोन तो म्हणतो ना."

"तो कोण?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली जणू मीच वेडी आहे. "आई, आता तो माझ्यापेक्षा उंच झालाय."

तेव्हा बघितलं. थोरला दाराशी उभा होता. धाकटी त्याच्यापासून चांगली दोन पावलं मागे... मध्ये एका मुलाची जागा सोडून. तिचा हात पुढे होता आणि मूठ बंद होती.

त्या दिवसापासून मी मोजणी बंद केली. रांग बंद केली. घरातून निघताना दोघांचे हात माझ्या दोन हातांत घट्ट. नवऱ्याला सांगायचं धाडस झालं नाही. काय सांगणार होते? तो आपल्यामागे आलेला नाही, मी त्याला "चला घरी" म्हणून आणलंय?

तीन महिने काही झालं नाही. फक्त संध्याकाळी मी भाजी चिरताना आतल्या खोलीतून थप थप थप येतं. मुलं माझ्यासमोर टेबलावर चित्रं काढत बसलेली असतात. दोघंही मान वर करत नाहीत. आणि तो आवाज पूर्वीसारखा हलका राहिलेला नाही.

गेल्या रविवारचं सांगते आणि थांबते.

दुपारी आम्ही बाहेर निघालो होतो. मी आत पर्स शोधत होते. नवऱ्याला लाडात यायची लहर आली. दार उघडून त्याने माझी नक्कल करत आरोळी ठोकली, "मोजणी!"

मी आतून ओरडले, "नको!"

"एक" ऐकू आलं नाही. मग श्वास घेतल्याचा आवाज आला. माझ्या पोरांचा नव्हता. तो मी ओळखते.

मग थोरला म्हणाला, "दोन."

"तीन," धाकटी म्हणाली.

"वा! सगळे आले. चला!" नवरा हसत म्हणाला आणि कुलपाची किल्ली शोधायला मागे वळला.

मी दाराशी पोचेपर्यंत मुलं जिना उतरून गेली होती. चार मजले मी कशी उतरले, आठवत नाही. खाली रस्त्यावर बघितलं तर दोघं बाजाराकडे वळली नव्हती. होडीच्या धक्क्याकडे चालली होती. पळत नव्हती, खेळत नव्हती. शिस्तीत, एकामागे एक. धाकटीने थोरल्याचा शर्ट धरला होता.

थोरल्याचा हात समोर होता. त्याच्या खांद्याच्याही वर. मूठ बंद.

धक्क्याच्या पहिल्या पायरीवर मी त्याला गाठलं. मूठ उघडायला मला दोन्ही हात लागले. आत काही नव्हतं. बोटं मात्र बर्फासारखी गार होती.

"सोडू नको ना, आई," तो रडायला लागला. "तूच म्हणतेस ना, सोडायचं नाही."

नवरा अजून म्हणतो पोरांचा खेळ आहे. असेल. मी दाराला वर कडी बसवून घेतलीय, पोरांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर. पण परवा पुसताना बघितलं, कडीवर धूळ नव्हती. गुळगुळीत झाली होती.

मी आता काम सोडलंय. दिवसभर दोघांचे हात धरून बसते. झोपेत त्यांच्या मुठी मिटतात आणि मी एकेक बोट सोडवत राहते. सुटत नाहीत. पुढच्याचा शर्ट कसा धरायचा, हे मीच त्यांना शिकवलंय.