पट्टी क्रमांक ४१७

आमच्या विभागात एकही पलंग नाही. जेद्दातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, संगणकांचे आठ पडदे, चार खुर्च्या आणि सुहासिनीताईंची चहाची किटली, एवढंच. एसी इतका गार असतो की खिडकीच्या काचेवर बाहेरून पाणी ओघळतं. पेशंट आपापल्या घरी, कामावर, ट्रॅफिकमध्ये असतात. त्यांच्या छातीवर डावीकडे बोटभर लांबीची एक पट्टी चिकटवलेली असते. ती ठोके टिपते, सोबत दिलेल्या छोट्या फोनला पाठवते आणि फोन ते आमच्याकडे पाठवतो. पूर्वी याच तपासणीसाठी माणसाला दाखल करून घ्यायचे. आता तो टॅक्सी चालवत असतो आणि त्याचं हृदय मी चहा पिता पिता बघते.

मी सुरुची. जन्म इथला, शाळा इथली. पुण्याला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि परत आले. संगणक जिथे लाल खूण करतो तिथे माणसानं नीट बघायचं, हे माझं काम. मराठी पेशंट शक्यतो माझ्याकडे येतात. घाबरलेला माणूस स्वतःच्या भाषेत कमी खोटं बोलतो, असं सुहासिनीताईंचं मत. त्या सांगलीच्या, इथे बावीस वर्षं नर्स आहेत.

क्रमांक ४१७ म्हणजे मोहियुद्दीन परकार. वय अठ्ठावन्न, गाव दाभोळ, बंदराजवळच्या एका गोदामात क्रेनचालक. राहायला जेद्दातल्याच शराफिया भागात, एका खोलीत, गावच्याच शारीकबरोबर. क्रेनवर असताना एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून डॉक्टर सुबोधांनी चौदा दिवसांची पट्टी लावली.

पहिल्या दोन दिवसांत मी त्यांचं हृदय ओळखायला लागले. प्रत्येक ठोक्याआधी आलेखात एक छोटा उंचवटा येतो. बहुतेकांचा गोल असतो, त्यांचा दुहेरी होता, शेजारी शेजारी दोन टेकड्या असाव्यात तसा. आणि मधूनच खंड. हृदय सव्वादोन-अडीच सेकंद थांबायचं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागायचं. तीन सेकंदांच्या पुढे गेलं तर छातीत पेसमेकरचं यंत्र बसवावं लागणार आणि क्रेन सुटणार, हे त्यांना सांगितलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी आलेख एकदम स्वच्छ झाला. उंचवटा गोल, गती छप्पन्न, खंड नाही. तरुण, कष्टाची सवय असलेलं हृदय. संगणकानं हिरवी खूण केली. मी फोन केला.

"परकारचाचा, पट्टी कुठे आहे?"

"छातीवर. आणि कुठं असणार?"

"कोणाच्या?"

 पलीकडे ते हसले. "हुशार आहेस गो बाय."

"शारीकला लावलीत ना?"

"त्यानंच लावून घेतली. झोयाचं, माझ्या लेकीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. क्रेन गेली तर कफील मला कामावर कशाला ठेवील? शारीक म्हणाला, चाचा, उरलेले दिवस मी घालतो. त्याच्या इकाम्याचा परवाना काढायला रांगेत मी उभा राहिलेलो. तो टायफॉइडनं पडला तेव्हा पंधरा दिवस त्याच्या जागी एसीचे पाइप मी चढवले. आमच्या खोलीत असंच आहे. एकाचं दुसऱ्यानं उचलायचं."

"चाचा, हे काम नाही. आजार आहे."

"तेच तर सांगतो," ते म्हणाले.

मी उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. पट्टी परत त्यांच्या छातीवर गेली नाही, तर डॉक्टरांना सांगणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुहेरी उंचवटे परत आले. खंडही. मला हायसं वाटलं, आणि शाबासकी द्यायला मी पट्टीसोबतच्या फोनवर कॉल लावला. तो शारीकनं उचलला.

"चाचा ड्यूटीवर गेलेत मॅडम. ऐकतच नव्हते, पण पट्टी मी काढून दिली नाही. अजून माझ्याच अंगावर आहे. तुम्ही डॉक्टरना नका ना सांगू."

मी व्हिडिओ लावायला सांगितलं. सव्वीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा मुलगा, बनियन वर करून उभा होता. पट्टी त्याच्याच छातीवर होती.

"तिच्यावर बोटानं तीनदा टकटक करा."

त्यानं केलं. माझ्या पडद्यावर तीन उभे काटे उमटले. काट्यांच्या अलीकडे-पलीकडे मोहियुद्दीन परकारांचं हृदय चालत होतं.

"मॅडम, निकाह आहे माझा, दोन महिन्यांनी. त्याआधी चाचांचं एकदा निस्तरलं म्हणजे..."

आलेख सपाट झाला. शारीकचं बोलणं तुटलं. त्यानं हात लांबवून दाराची चौकट धरली. दोन पूर्णांक सात सेकंद.

"काय झालं?"

"काही नाही. लिफ्ट झपकन खाली जाते ना, तसं वाटलं."

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर तेव्हा मला फक्त जाणून घ्यायचं होतं.

सोमवारी सकाळी दोघांना बोलावलं. पट्टी बाजूला ठेवली आणि नेहमीच्या मोठ्या यंत्रावर, सगळ्या वायरी लावून, दोघांचे आलेख काढले. कागदांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा काढले, या वेळी प्रत्येकाच्या मनगटावर पेनानं नाव लिहून. दोन्हीदा तेच आलं. शारीकच्या छातीत दुहेरी उंचवटे आणि खंड, एक तर तीन सेकंदांच्या पुढचा. परकारांच्या छातीत स्वच्छ, गोल, छप्पन्न.

डॉक्टर सुबोधांनी दोन्ही कागद उजेडाकडे धरले. "चाचा ठणठणीत आहेत. या मुलाला मात्र यंत्र लागणार. पुढच्या रविवारी घेऊ. शिडीवर चढायचं बंद, आजपासून."

शारीकचं सगळं काम शिडीवरचं.  परकारांनी मला बाहेर व्हरांड्यात गाठलं. त्यांच्या टोपीची कड घामानं भिजली होती.

"बाय, ते दुखणं माझं आहे. मला परत दे."

त्यासाठी आमच्याकडे कुठलाही अर्ज नव्हता. पण पट्टी माझ्या हातात होती. मी नवी चिकटपट्टी लावली आणि ती त्यांच्या छातीवर दाबून बसवली.

मंगळवारी सकाळी खंड त्यांच्याकडे परतले. शारीकचा आलेख स्वच्छ. मी वेळा ताडून पाहिल्या. दोन्ही खेपांना साधारण वीस तास लागले होते. पुढच्या एक-दोन खेपा नीट नोंदवता आल्या तर, असा विचार मनात आला आणि मी वहीवर नुसतीच तारीख घातली.

खेप आपोआप मिळाली. बुधवारी दुपारी चाचा जरा आडवे झाले होते, तेव्हा शारीकनं पट्टी काढून स्वतःला लावली. गुरुवारी दोघं व्हिडिओवर माझ्यासमोरच भांडले.

"गाढव आहेस तू! तुझं लग्न आहे!"

"तुमची झोया आहे ना."

"तिला बाप आहे. तो मरेपर्यंत बघून घेईल. तू काढ ती पट्टी आधी!"

"मरेपर्यंतच ना? म्हणून तर काढत नाही. आणि हे सगळं तुम्हीच शिकवलंत मला!"

सुहासिनीताई मागून म्हणाल्या, "आमच्याकडे पेशंट बरा व्हायला भांडतात. हे दोघे आजारी पडायला भांडतायत."

रविवार जवळ येत होता. त्या दिवशी खंड ज्याच्या छातीत सापडतील त्याच्या छातीत यंत्र बसणार, आणि त्याचं काम जाणार. दोघांनाही ते दुसऱ्याचं जायला नको होतं. मला मात्र एवढंच दिसत होतं की प्रयोगात एक बाजू राहून गेलीय. कुठल्याही प्रयोगात एक नमुना असा ठेवतात की ज्याला काहीच करायचं नसतं.

"उद्यापर्यंत कोणीच लावू नका," मी म्हटलं. "पट्टी उशीवर ठेवा. फोन तिच्याशेजारी, चार्जिंगला. आणि उद्या अकरा वाजता दोघंही इकडे या."

शुक्रवारी अकराला ते आले. दोघांनी इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते, इथूनच मशिदीत जायचं होतं. मी आलेख काढले. शारीक स्वच्छ. परकार स्वच्छ. तीन-तीनदा काढले.

शारीकनं चाचांना मिठीच मारली. "खलास! संपलं! आज मटण-भाताच्या मंदीचं पार्सल माझ्याकडून. यल्ला, चला चाचा, मशिदीत खुतबा सुरू होईल."

परकार शर्टाची बटणं लावत बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

"मग गेलं कुठं?"

"कुठे जात वगैरे नाही चाचा," मी म्हटलं. "असं काही कुठे जात नसतं."

ते गेल्यावर मी माझ्या खुर्चीत येऊन ४१७ उघडलं. शराफियातल्या बंद खोलीत, उशीवर पडलेल्या पट्टीकडून सरळ रेघ आणि थोडी खरखर यायला हवी होती. तेवढं वहीत लिहिलं की काम झालं.

पडद्यावर दुहेरी उंचवटे चालले होते. दहा, बारा, पंधरा ठोके. मग खंड. तीन पूर्णांक एक सेकंद. मग पुन्हा ठोके.

मी फोनचा क्रमांक तपासला. पट्टीचा क्रमांक तपासला. सुहासिनीताई चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहिल्या.

"हा कोण?"

"कोणी नाही. पट्टी उशीवर आहे."

"मग याचं अंग गरम कसं?"

कोपऱ्यात त्वचेचं तापमान येतं. तिथे ३६.६ होतं. त्याखाली शरीराची स्थिती येते. तिथे 'आडवा' असं होतं. उशीवर ठेवलेली पट्टी आडवीच असणार, असं मी ताईंना म्हटलं. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

बारा चाळीसला स्थिती बदलली. 'बसलेला'.

ताई पडद्याकडे वाकल्या.

बारा सत्तेचाळीस. 'उभा'.

पावलांचा आकडा इतका वेळ शून्य होता. तो एक झाला. मग दोन. मग बराच वेळ दोनच राहिला, बऱ्याच दिवसांनी अंथरुणातून उठलेला माणूस पलंगाला धरून उभा राहतो तसा. मग तीन, चार, पाच, सहा.

सहावर आकडा थांबला. फोन करून तिथल्या कोणाला तरी काय चाललंय ते विचारावंसं वाटलं. पण शराफियातल्या त्या खोलीत फोन उचलायला कोणी नव्हतं.

माझा मोबाइल वाजला.

"आलो बाय आम्ही," परकार म्हणाले. जिना चढून त्यांना दम लागला नव्हता. मागे शारीक गुणगुणत होता, प्लॅस्टिकची पिशवी वाजत होती. "खोलीच्या दारातच आहोत. काय म्हणतं तुझं मशीन?"

"चाचा, पलंगापासून दार किती लांब आहे?"

"आता हे काय विचारतेस?" ते हसले. "एवढीशी खोली. पाच-सहा पावलं."

"आत कोणी आहे?"

"कोण असणार? चावी माझ्या खिशात."

"उघडू नका. जरा थांबा."

"अगो, भात गार होईल," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, शारीकला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "बाय, आहे का ते अजून?"

 तेवढ्यात शारीकनं त्यांच्याकडून चावी घेतली असावी. कुलपात ती फिरल्याचा आवाज मला फोनमधून स्पष्ट ऐकू आला.

पडद्यावर गती चोपन्न होती. ती साठ झाली. बहात्तर. अठ्ठ्याऐंशी. वॉर्डात भेटीची वेळ होते आणि व्हरांड्यात घरच्या माणसांचा आवाज येतो, तेव्हा पेशंटचे ठोके असेच वाढतात.