काचपेटीतले जलपूजन

मुगभाटाच्या गल्लीत तानशाच्या पाण्याचा नळ आला आणि घरोघरच्या विहिरी एकाएकी म्हाताऱ्या झाल्या. दिनानाथच्या परसातली विहीर तर त्याच्या पणजोबांनी खणलेली. पाणी किंचित मचूळ, पण वैशाखातही दात शिवशिवतील इतके गार. विहिरीच्या पाण्याने ताप येतो असे दिनानाथने वाचले होते. तो कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रयोग मांडून देणारा पदवीधर. छापील शब्दावर त्याची श्रद्धा होती. दिवाळी सरल्यावर त्याने गवंडी बोलावला, विहिरीच्या तोंडावर सागवानी फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर फरशी बसवून घेतली.

त्याआधी एक काम मात्र त्याने हौसेने केले. विहिरीतले मासे वर काढले.

पाणी निवळ राहावे म्हणून जुन्या माणसांनी विहिरीत मासे सोडलेले असत. हे बोटभर लांबीचे, रुपेरी, पिढ्यान्‌पिढ्या अंधारात वाढलेले. आजवर ते कुणाला धड दिसले नव्हते. रहाटाच्या बादलीखालून नुसती एखादी लकेर निसटून जाई. दिनानाथने एका विलायती मासिकातल्या चित्रावरून त्यांच्यासाठी काचेची पेटी केली. नळबाजारच्या लोहाराने लोखंडी चौकट दिली. काचांच्या सांध्यांत शेंदूर आणि जवसाचे तेल मळून केलेली लांबी दिनानाथने स्वतःच्या बोटांनी भरली, आणि विहिरीचे शेवटचे पाणी पेटीत ओतले. माजघरात खिडकीखाली ती पेटी ठेवली तेव्हा दुपारच्या उन्हात भिंतीवर पाण्याचे जाळे हलू लागले. मीनाक्षी, त्याची बायको, पोटावर हात ठेवून ते जाळे पाहत बसे. ती तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन्ही मुले सहा महिन्यांच्या आत गेली होती.

पौषात मुलगा झाला. दिवस पुरे होण्याआधीच. मूठभर जीव. त्याचा श्वास वाऱ्यातल्या निरांजनासारखा होता, आता आहे, आता नाही. डॉक्टर वैकुंठरावांनी छातीला नळी लावली, ती काढून घडी घातली आणि मीनाक्षीला सोडून सगळ्यांशी बोलले.

सव्वा महिना झाला. बाळंतिणीने विहिरीवर जाऊन जलपूजन करण्याचा दिवस आला.

"फरशी काढवून घे," दिनानाथची आई म्हणाली. "पाण्याला मूल दाखवल्याशिवाय बाळंतपण पुरं होत नाही."

"आई, आत्ताच तर चुना वाळलाय. आणि विहिरीत आता आहे काय? पाणी या पेटीत, मासे या पेटीत. इथंच कर पूजा."

आईने पेटीकडे पाहिले. मग हसली. "म्हणजे आमची विहीर माजघरात राहायला आली म्हणायची. सून आणली तशी."

काचेवर हळदीकुंकवाची बोटे उठली. पाच खडे मांडले गेले. खण, नारळ, तांदूळ यांनी मीनाक्षीने पाण्याची ओटी भरली, आणि मुलाला दोन्ही हातांवर धरून पेटीवर ओणवे केले. इवलासा चेहरा पाण्यात उतरला. खालून मासे वर आले आणि त्या चेहऱ्याभोवती गोल उभे राहिले.

"तुझं तुला दाखवलं," आई म्हणाली. मग तिने कळशी पुढे केली. रीत अशी, की बाळंतिणीने त्याच पाण्याची कळशी भरून घ्यायची आणि "आमचं आम्हाला दे" म्हणत घरात आणायची.

"कळशी कुठली बुडते यात?" दिनानाथ म्हणाला. "मासे बिथरतील. राहू दे ते. आणि घरात काय आणायची, घरातच तर आहोत."

सगळे हसले. मीनाक्षीने रिकामी कळशी बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा पहिल्यांदा पोटभर प्यायला. आणि पेटीत पहिला मासा मेलेला होता.

मेलेला मासा पाण्यावर तरंगतो, उताणा होतो. हा तळाशी होता, वाळूत पोट टेकून, जणू चालता चालता थांबावा तसा. तोंड काचेला लागलेले. काचेच्या त्या बाजूला पाळणा होता. दिनानाथने त्याकडे लक्ष दिले नाही. मासा मरायचाच, त्याला काही निमित्त लागत नाही.

दुसऱ्याला निमित्त शोधावे लागले. तिसऱ्याला तर त्याने कंबरच कसली. पहिला संशय स्वतःच्या लांबीवर, कारण शेंदूर म्हणजे शिसे. त्याने पाण्याचा नमुना कॉलेजात नेला, त्यातून गंधकाचा वायू सोडला. शिसे असते तर पाणी काळे पडले असते. ते पडले नाही. मग त्याने कणकेच्या गोळ्या कमी केल्या, पेटी खिडकीपासून सरकवली, माजघरात धूप घालणे बंद केले. अर्धे पाणी उपसून नळाचे भरले, तर दुसऱ्या सकाळी एकाऐवजी दोन मासे तळाशी टेकलेले. शेवटी त्याने गोवालिया तलावातले चार मासे आणून, याच पेटीतले पाणी घातलेल्या बरणीत ठेवले. ते मजेत राहिले. पाण्यात विष नव्हते. हवेत नव्हते. मरत होते ते फक्त विहिरीचे.

एक मासा त्याने चिरून पाहिला. पाते फिरताना आवाज आला, सुपारी कातरताना येतो तसा. आत टिपूसभर ओल नव्हती. रात्रभर पाण्यात असलेला तो जीव आतून कडकडीत कोरडा होता.

दारावर मासळी घेऊन सोनूबाई कोळीण येई. तिला त्याने तो चिरलेला मासा दाखवला.

"का मेला असेल, सोनूबाई?"

तिने पाटी उतरवली, कंबरेवर हात ठेवले. "दादासाहेब, आमचा धंदाच मेलेल्या म्हावऱ्याचा. ते का मेलं त्ये आमी कंदी इचारलं न्हाय. इचारलं तर खानार कोन?" ती खदखदून हसली, मग मासा बोटाने उलटा करता करता थबकली. तिने बोट पदराला पुसले. "पन ह्यो मांजरीला घालू नका."

"का?"

"मला काय म्हाईत? मला शिकिवलंय कुनी? मला हात लावावासा वाटला न्हाय, येवढंच." पाटी डोक्यावर घेऊन ती त्या दिवशी काही न विकता गेली.

मुलगा बाळसे धरत होता. वैकुंठराव आता मीनाक्षीशीही बोलू लागले. "मी चुकलो याचा मला आनंद आहे," ते म्हणाले. हात थोडे गार लागतात, पण ते रक्त पातळ म्हणून. झोपेत डोळे उघडे राहतात, पण काही मुलांच्या पापण्या आखूडच असतात. दिनानाथने ही वाक्ये मनात नीट रचून ठेवली. दुपारी पाळण्याशी बसले की त्याला ती एकेक उचलून पाहावी लागत. पाळण्यात मूल गाढ झोपलेले असे आणि त्याचे दोन्ही डोळे टक्क उघडे, स्वच्छ, ओले. छताकडे न पाहता छताकडे लागलेले.

"हा रडत नाही हो," एकदा मीनाक्षी म्हणाली.

"न रडणारं मूल मागून मिळत नाही लोकांना."

"पहिली दोघं किती रडायची." ती पाळण्यावर वाकली. "एकदा तरी याच्या डोळ्यांत पाणी यावं. मग मी काही मागणार नाही."

दिनानाथने पाळण्याची दोरी ओढली. त्याने मनाशी जे जुळवून पाहिले होते ते त्याला बोलून दाखवायचे नव्हते: ज्या सकाळी मासा मरे त्या सकाळी मुलाच्या गालावर नवी तकाकी असे. असे दोन गोष्टींचे शेजारी शेजारी असणे म्हणजे कारण नव्हे, हे तो स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत असे.

होळीच्या सुमारास शेवटचा मासा गेला. पेटीत नुसते पाणी उरले. भिंतीवरचे उजेडाचे जाळे मात्र हलत राहिले, आत कुणी नसताना.

"अहो, जरा बघता?" एका दुपारी मीनाक्षीने त्याला हाक मारली. तिचा आवाज अगदी साधा होता, दूध नासले की नाही हे विचारावे तसा. तिच्या तळहातावर कणकेच्या गोळ्या होत्या. "सवयीनं टाकली मी एक. आता बघा."

तिने गोळी सोडली. गोळी सावकाश खाली जाऊ लागली. पाण्याच्या मध्यावर आली. मग ती नव्हती.

पाळण्यात मुलाने तोंड मिटलेलेच ठेवून आवंढा गिळला.

तिने दुसरी टाकली. दिनानाथ या वेळी पेटीकडे पाहत नव्हता. त्याने मुलाचा गळा हललेला पाहिला.

"कधीपासून?"

"शेवटचा मासा गेला तेव्हापासून. अंगावर पीत नाही तो आता."

दिनानाथ उठला. त्याला एकच सुचले, जे कुणालाही सुचले असते. ती पेटी घरात नको. त्याने तांब्या घेतला आणि पाणी उपसून बादलीत ओतायला सुरुवात केली.

पहिल्या तांब्याला काही झाले नाही.

दुसऱ्याला मुलाने मान वळवली.

तिसऱ्याला त्याचे तोंड उघडले. मिटले. उघडले. आवाज नाही. छाती भात्यासारखी उडत होती, आणि ओठ जांभळे होत होते.

"थांबा," मीनाक्षी म्हणाली. "अहो, थांबा."

त्याने बादली उचलून परत पेटीत रिकामी केली. मुलाचे तोंड मिटले.

दारात आई उभी होती. कोनाड्यातून तिने कळशी आणली, तीच. "भर," ती सुनेला म्हणाली. "आमचं आम्हाला दे म्हण. तेव्हा राहिलं ते आता म्हण."

मीनाक्षीने कळशी आडवी बुडवली. "आमचं," ती म्हणाली, आणि कळशी वर येऊ लागली तशी पेटीतली पातळी उतरली, आणि पाळण्यात ते निळे तोंड पुन्हा उघडले.

विहिरीतून कळशीभर पाणी काढले तर विहिरीला कळत नाही. रीत विहिरीसाठी होती.

"आम्हाला," एवढे तिच्याने म्हणवले नाही. तिने कळशी हळूच कलती केली, थेंबन्‌थेंब परत गेला.

दुसऱ्या दिवशी दिनानाथने गवंड्याला बोलावून फरशी काढवली. विहीर खोल होती. अर्ध्यापर्यंत ऊन पोचत होते, पुढे काळोख. दोरीला बांधून बादली सोडली. ती बराच वेळ जात राहिली, मग तळाला लागल्याचा आवाज आला, पत्र्याचा, कोरडा. वर आली तेव्हा बादलीत चिमूटभर धूळ होती.

गवंडी विहिरीत डोकावला. "साहेब, गेल्या खेपेला मीच फरशी बसवली ना इथं?"

"तूच."

"मग पाणी होतं म्हणता ते?" त्याने काठाच्या आतल्या दगडावरून हात फिरवला. "शेवाळाचा डागसुद्धा नाही. या दगडांना कधी पाणी लागलेलं दिसत नाही."

दिनानाथने त्याला फरशी परत बसवायला सांगितली.

आता माजघरात कुणी मोठ्याने बोलत नसे. पेटीवर मलमलीचे दुपदरी फडके घातलेले होते. काचेवर पाण्याच्या रेषेशी आईने कुंकवाचे बोट ओढले होते. नळाचे पाणी घालून पाहिले. घागरभर ओतले तरी पाणी त्या बोटाच्या वर सरकले नाही, आणि ओतलेले पाणी कुठे गेले ते कळले नाही. तेव्हा आहे ते सांभाळायचे, एवढेच हाती होते. दिनानाथ कॉलेजातून आला की पायातले न काढता आधी पेटीपाशी जाई. मुलगा गुटगुटीत झाला होता. शेजारणी त्याची दृष्ट काढत. तो कुणाकडेही पाहून हसे, आणि झोपला तरी पाहतच राही.

वैशाखातली एक सकाळ. मीनाक्षी मुलाला मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. दिनानाथ पेटीपुढे उकिडवा बसून, नेहमीप्रमाणे, आपल्या हाताने भरलेल्या सांध्यांवरून बोट फिरवत होता. उन्हाळ्याने लाकूड आकसते, लांबीही आकसते. कोपऱ्याशी बोट थांबले. त्याने ते उचलून पाहिले. बोटाला शेंदूर लागला होता. ओला.

सांध्याच्या खालच्या टोकाशी पाण्याचा एक मणी जमत होता. तो सावकाश मोठा झाला, जड झाला, आणि सुटला.

"अहो," ओसरीवरून मीनाक्षीने हाक मारली. कितीतरी महिन्यांनी तिच्या आवाजात हसू होते. "लवकर या ना. याच्या डोळ्यांत पाणी आलंय."