तळघरातली किटली

दुपारी चारच्या सुमारास पडद्यावरची रेघ एकदम उसळली, आणि ती चपला पायात सरकवून तीन जिने धावत उतरली. सूर्याकडून येणारे वेगवान कण मोजायचं यंत्र खाली तळघरात होतं. सहा वर्षं ती त्याच्यावर लक्ष ठेवून होती, पण मोठं सौर वादळ एकदाही आलं नव्हतं. दिवसभरात तिच्याशी बोलायची ती फक्त आई, तीही फोनवर, "जेवलीस का?" एवढंच.

तळघरात वादळ नव्हतं. नवा वायरमन होता, आणि त्याने यंत्राशेजारच्याच प्लगात किटली लावली होती.

"अहो, काय हे! तुमच्या किटलीने माझे आकडे चढले!"

"सॉरी मॅडम... चहा घेणार?"

काय माणूस! पण कुणीतरी विचारलं तर होतं. तिने कप घेतला.

दुसऱ्या दिवशी किटली लांबच्या प्लगात गेली. ती मात्र चार वाजता खाली येतच राहिली.

"हे कण एवढे पळतात कशाने?" त्याने एकदा विचारलं.

"सूर्यावर स्फोट झाला की एक लाट सुटते. कण तिच्या अल्याड-पल्याड टोलवले जातात. दर खेपेला वेग थोडा वाढतो. बरेचसे मध्येच निसटतात... टिकतात त्यांचाच वेग अफाट होतो."

"म्हणजे ये-जा चालू ठेवायची –" तो गालात हसला. "उद्या येणार ना?"

तिने कपात तोंड खुपसलं. कान तापले होते.

शनिवारी त्याचं तिथलं काम संपलं. "येतो मॅडम," म्हणून तो दारात घुटमळला. "या," एवढंच ती म्हणाली. मग पंधरा दिवस चार वाजले की तिला वरची आपली खोली खायला उठायची.

आणि एका सोमवारी, बरोबर चारला, रेघ उसळली. ती धावत सुटली, दोन-दोन पायऱ्या गाळत. तळघरात कुणीच नव्हतं. प्लगही रिकामे. म्हणजे खरंच वादळ आलं होतं, सहा वर्षं वाट पाहिलेलं! आणि तिला चक्क रडू फुटलं.

फ्यूजपेटीवर त्याने लिहून ठेवलेल्या नंबरावर तिने फोन लावला. "आकडे चढलेत."

"शप्पथ मॅडम, किटली माझ्या घरी आहे!"

"माहितीये. खरं वादळ आहे. पण मी... तुम्ही आलात असं वाटून धावले."

पलीकडे फडताळ उघडल्याचा आवाज आला. मग किटलीचं झाकण वाजलं.

"निघालोच. एखादा प्लग रिकामा आहे ना?"

"यंत्राजवळचा नको," ती डोळे पुसत म्हणाली. "बाकी सगळे रिकामेच आहेत."