शून्यबिंदूचे स्थानांतर

सागरवर्ण प्रयोगशाळेच्या पटलावर कोकणचा किनारा उजळला आणि डॉ. रेवती केळुसकर स्तब्ध झाली. किनाऱ्यापासून फार दूर, अथांग पाण्यात, गाळाचे प्रमाण शून्याहूनही कमी दिसत होते.

दुसऱ्या दिवशी लवादापुढे सुनावणी होती. बंदराच्या खोलीकरणात उपसलेला गाळ सुरंगवाडीच्या खाडीतील कालवांचा, तिथल्या खाण्याच्या शिंपल्यांचा, जीव घेतो की नाही, याचा निवाडा तिच्या उपग्रहनकाशावर व्हायचा होता. सुरंगवाडी तिचे आजोळ. लवादाने असंस्कारित आकडे मागितल्यामुळे, ऋण मूल्यांचे शून्य करणारी गाळणी तिने आज प्रथमच काढली होती.

तिचे गुरू आणि संस्थेचे संचालक डॉ. त्र्यंबक सबनीस चहाचा पेला घेऊन आत आले.

"सर, पाण्यात गाळ शून्याहून कमी कसा असेल?"

"असा समुद्र सापडला तर तीर्थ म्हणून बाटल्या भरू, रेवती," ते हसले. "उपकरणाचा दोष असेल."

"दोष असता तर आकडे विखुरले असते. इथे सर्वत्र एकसारखीच तूट आहे." ती सावकाश बोलू लागली. "उपग्रहाच्या नेत्रापर्यंत येणारा बहुतांश प्रकाश पाण्याचा नसतो, हवेचा असतो. म्हणून आपण अतिस्वच्छ पाण्यात एक शून्यबिंदू धरतो. स्वच्छ पाणी अवरक्त किरण गिळून टाकतं. तेव्हा तिथून येणारा अवरक्त प्रकाश हवेचाच. तेवढा साऱ्या चित्रातून वजा केला की उरते ती गाळाची चमक. तुम्हीच शिकवलंत."

"मग?"

"शून्यबिंदूच गढूळ पाण्यात असेल, तर हवेबरोबर तिथला गाळही सर्वत्र वजा होतो. गढूळ खाडी निवळ दिसते. आणि खरोखर निवळ असलेलं पाणी ऋणात जातं."

सबनीसांनी पेला खाली ठेवला.

"मी एकही आकडा खोटा लिहिला नाही," ते म्हणाले. "केवळ शून्य हलवलं. बंदराच्या निधीवाचून ही प्रयोगशाळा कधीच बंद पडली असती."

रेवतीला सुरंगवाडीच्या शेवंतामावशीचा आवाज आठवला. "गो बाय, तुझो उपग्रो पाणी निवळ सांगता, मगे कालवां कित्याक मरतत?" रोग असेल, असे रेवतीने सांगितले होते. "तू सांगतंस म्हणान आमी गप रवतंव," मावशी म्हणाली होती.

तिने जुनी चित्रे क्रमाने तपासली. खोल समुद्राची रेषा शून्यावर स्थिर होती. एका दिवशी ती अकस्मात खाली उतरली. तो दिवस नारळी पौर्णिमेचा होता.

त्या प्रयोगशाळेचा एक परिपाठ होता. नारळी पौर्णिमेला नवागत संशोधकाने होडीतून जाऊन सागराला श्रीफळ अर्पावे, आणि ते जिथे पडेल तिथे पुढील शून्यबिंदू त्याच्या नावाने नोंदवावा. होडी नेहमी खाडीसमोरच्या बेटापलीकडे, निवळ पाण्यात जाई. रेवतीच्या वर्षी सबनीसांनी ती बेटाच्या अलीकडे, खाडीच्या मुखापाशीच थांबवली. पाणी तांबूस होते. "पावसाचं आहे, निवळेल," ते म्हणाले होते. गुरूंच्या चरणांना स्पर्श करून तिने नारळ सोडला होता.

"माझ्याच हातून का, सर?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "खाडीची माणसं माझं ऐकणार नव्हती. तुझं ऐकणार होती. म्हणून तर तुला निवडलं."

रेवतीने अनेक अर्जांतून आपली निवड झाल्याचे पत्र आजवर देवघरात ठेवले होते.

तिने खोल समुद्रातील तूट साऱ्या चित्रातील आकड्यांत पुन्हा अधिक केली. ती तूट म्हणजे शून्यबिंदूखाली दडवलेला गाळच होता. पटलावरील निळी खाडी मुखापासून आतपर्यंत तांबडी होत गेली.

"विचार कर," सबनीस हलकेच म्हणाले. "त्या बिंदूला नाव तुझं आहे. लवाद मला नव्हे, तुला विचारील."

"मावशीही मलाच विचारणार आहे," ती म्हणाली.

तांबड्या पाण्याच्या मध्यभागी एक बारीक फुली होती आणि तिच्याखाली अक्षरे: शून्यबिंदू, रेवती केळुसकर. तिने नाव पुसले नाही. नकाशा तसाच लवादाकडे पाठवला.