लाल कोटवाली

"मोहतरमा, और कोई मेज़ खाली नहीं है। इन साहब को एतराज़ न हो तो... यहीं तशरीफ़ रखिए।"

म्हाताऱ्या वेटरनं मोठ्या अदबीनं माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि समोरच्या साहेबांनी तोंडापुढचं वर्तमानपत्र खाली घेतलं. साहेब कुठले, माझा नवराच तो!

लखनौच्या हजरतगंजातलं ते छोटंसं रेस्टॉरंट, बाहेर दुपारी चारलाच उतरलेलं डिसेंबरचं धुकं, त्याच्या चष्म्यावर चहाची वाफ... आणि शाळा बुडवताना सापडलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा. घरी सगळ्यांना वाटे, चंद्रहास संध्याकाळपर्यंत लॅबमध्ये मान मोडून काम करतो. आणि मी? मी लायब्ररीत पुस्तकं बदलायला म्हणून बाहेर पडले होते.

वेटर अजून तिथंच उभा होता.

"बसा ना," चंद्रहास म्हणाला, "मला काही एतराज नाही."

अच्छा! असं आहे होय? मी पदर सावरून बसले. "आभारी आहे. अनोळखी माणसासमोर मी सहसा बसत नाही. आज नाइलाज आहे."

"एकट्याच आलात?"

"लग्न झालंय माझं. पण नवरा फार कामात असतो हो... चेहरासुद्धा विसरायला झालाय."

त्याच्या ओठांचा डावा कोपरा हलला. लीड्सला असताना रोज दिसायचा तो कोपरा. इथं इंदिरानगरला सासरी आल्यापासून मला दिसलाच नव्हता.

"मूर्खच दिसतो तुमचा नवरा," तो म्हणाला आणि आपल्या बशीतला केक अर्धा करून माझ्यापुढे सरकवला. इतकी साधी गोष्ट. पण माझे डोळे भरून आले आणि मी वेंधळ्यासारखी मेन्यू वाचायला लागले.

आता हे काय नाटक, असं तुम्हाला वाटेल. सांगते.

लग्न होऊन महिन्याभरात आम्ही इंग्लंडला गेलो होतो. लीड्समध्ये चार वर्षं एका खोलीचा संसार. एकच टेबल, त्यावरच जेवण, त्यावरच त्याचं संशोधन आणि माझी भांडणं. भांडी तो घासायचा, मी पुसायची. आणि सकाळचा पहिला चहा त्याचा. कप माझ्या हातात देऊन पलंगाच्या कडेला बसायचा आणि म्हणायचा, "उठा राणीसरकार, बर्फ पडलाय."

दिवाळीला आम्ही लखनौला परतलो. सासरे, म्हणजे नाना, बँकेतून रिटायर होऊन इथंच स्थायिक झालेले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मनानं अगदी लोण्यासारख्या, पण घराची शिस्त म्हणजे शिस्त. पुरुषांची पानं आधी, बायकांची मागून. चौघांसमोर नवऱ्याला 'अहो'. आमची खोली नानांच्या देवघराला लागून. तिथं हसलं की पलीकडे घंटी थांबायची!

पहिल्याच आठवड्यात चंद्रहास सवयीनं पहाटे चहा करायला उठला. आई आधीच ओट्याशी उभ्या. "तू कशाला उठलास रे? नयनाला बरं नाही का?" बिचारा काय बोलणार... 'हो' म्हणाला. मग दोन दिवस मी तुळशीचा काढा प्यायले आणि त्यानं पुन्हा कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही.

एका घरात राहून मला त्याची आठवण यायला लागली. सांगायचं कुणाला? मनात एकच घोळत होतं. लीड्सच्या प्रोफेसरांनी त्याची जागा जानेवारीअखेरपर्यंत राखून ठेवली होती. चंद्रहास म्हणायचा, आई-नाना आता थकलेत, आपण इथंच राहू. मी गप्प बसायची. मला परत जायचं होतं. लीड्सचं मला काडीचं कौतुक नव्हतं, पण माझा नवरा तिथंच राहून गेला होता.

आणि आज तो अचानक समोर बसून मला केक देत होता.

"पुढच्या गुरुवारी येणार?" निघताना त्यानं विचारलं.

"बघते. नवऱ्याला संशय यायला नको."

"तो लाल कोट घालून या... छान दिसता त्यात."

"तुम्हाला काय माहीत माझ्याकडे लाल कोट आहे?"

"अंदाज," तो म्हणाला आणि गंजातल्या गर्दीत कानापर्यंत लाल झाला.

तो कोट आम्ही लीड्सला सेलमध्ये घेतला होता. लालभडक, पितळी बटणांचा. पहिल्यांदा घालून बाहेर आले तर नाना म्हणाले, "सूनबाई, कुणाच्या वरातीत वाजवायला चाललीस?" त्या दिवसापासून कोट ट्रंकेत गेला होता. आता दर गुरुवारी तो लायब्ररीच्या पिशवीत बसून माझ्याबरोबर निघायला लागला. कॉलनीचं वळण आलं की पिशवीतून अंगावर. वेणी सोडायची, केस मोकळे करायचे आणि रिक्षावाल्याला सांगायचं, "भैया, गंज चलो, जल्दी!"

काय सांगू ते गुरुवार! आम्ही अनोळखीच राहायचो. तो मला दर वेळी नाव विचारायचा, मी दर वेळी नवं सांगायची. वेटर आमचं मेज राखून ठेवायचा आणि आमच्याकडे बघून गालातल्या गालात हसायचा. एकदा चंद्रहासनं टेबलाखाली माझा हात धरला... लग्नाला चार वर्षं झालेली, तरी माझी छाती अशी धडधडली की चहा सांडला.

"तुमचा नवरा तुम्हाला घेऊन परदेशी जाणार, असं ऐकलं," तो हळूच म्हणाला.

"मला जायचंय," मी म्हणाले. प्रथमच. "तिथं तो माझ्याशी बोलतो."

त्यानं हात सोडला नाही. पण घरी जाताना मला रडू येत होतं.

मग संक्रांत झाली आणि घरात काहीतरी बिघडलं.

कॉलनीतल्या माणिककाकू आल्या, आईंना घेऊन आतल्या खोलीत बसल्या, दार लोटलं. त्या गेल्यापासून आईंचं वागणंच बदललं. माझ्या पानात तुपाची धार, चंद्रहासची पोळी कोरडी. माझ्या केसांना स्वतः तेल लावलं. रात्री पानं घेताना म्हणाल्या, "नयना, तूही बस. त्याच्या शेजारी बस."

नानांचा घास हातातच राहिला. "अगं, पण..."

"तुम्ही जेवा हो!"

चंद्रहासनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघांनाही काही उमगेना.

उलगडा झाला तो पुढच्या गुरुवारी. जेवणं आटोपली, चंद्रहास लॅबला गेलेला. मी निघायच्या तयारीत होते. पिशवी पलंगावर भरून ठेवलेली. आई आत आल्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"नयना, मन घट्ट कर. चंदूचं बाहेर काहीतरी चाललंय."

"काय?"

"माणिकनं डोळ्यांनी पाहिलं. गंजात, हॉटेलात, खिडकीशी. कोण ती भवानी कळलं नाही, पाठमोरी होती. मोकळे केस, लालभडक कोट. याच्या बशीतलं खात होती गं मेली!"

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मी पदर तोंडावर दाबला. आईंना वाटलं, मला धक्का बसला. त्यांनी मला जवळच ओढलं.

"रडू नकोस. तो माझा मुलगा असला तरी मी त्याची बाजू घेणार नाही. आल्यापासून तू सुकत चाललीस, मला दिसत होतं. मी वेडी काढे पाजत बसले." पदरानं त्यांनी माझे गाल पुसले, मग स्वतःचे. "या घरातून कुणी जायचं झालं तर ती जाईल. तू कुठं जायचं नाहीस."

या घरात कुणी मला असं धरून ठेवेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी काही बोलणार, तेवढ्यात आई कमरेला पदर खोचून ट्रंकेकडे वळल्या.

"तिच्याकडे लाल कोट आहे तर माझ्या सुनेकडे नाही का? आज तो घालून तू त्याच्या लॅबवर जा. बघू दे त्याला! हे तुला बँडवाली म्हणोत नाही तर सर्कसवाली..."

ट्रंक उघडली. साड्या निघाल्या, शाली निघाल्या. कोट नव्हता.

"अगं, कोट कुठाय?"

मी पलंगाकडे पाहिलं. आईंनीही पाहिलं. लायब्ररीच्या पिशवीतून एक लाल बाही बाहेर लोंबत होती, पितळी बटणासकट.

आई बाहीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग माझ्या केसांकडे.

"म्हणजे... माणिकनं पाहिली ती..."

"मीच ती भवानी, आई."

आई ट्रंकेवरच बसल्या. आता तोफ सुटणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण आवाज आला तो अगदी हळू.

"घरात बोलायला जागा नव्हती का गं तुम्हाला?"

"नव्हती, आई," मी म्हणाले. एकदा म्हटल्यावर मग सगळंच बाहेर पडलं. पहिला चहा, ते एकच टेबल, ती भांडी, देवघराची घंटी. "तुम्ही कुणी काही वाईट केलं नाहीत. पण त्याच्याशी बोलायला मला रिक्षा करून गंजला जावं लागतं. म्हणून मला परत जायचं होतं."

आईंनी मान खाली घातली. एकाएकी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. बघते तर हसतायत!

"आणि मी चार दिवस पोराच्या पोळीला तूप लावलं नाही गं... बिचारा निमूट खात होता!"

आम्ही दोघी ट्रंकेवर बसून हसलो, पोट दुखेपर्यंत. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "केक बरा असतो का गं तिथला?"

"छान असतो."

"इतकी वर्षं लखनौत काढली. ह्यांच्याबरोबर गंजला गेले ती चादरी आणायला, नाही तर चष्मा करायला. चहाला कधी नाही. माझ्या सासूबाई होत्या ना घरात..." त्यांनी पिशवीतून कोट काढला, बाहीवरून हात फिरवला. "जरा बघू बाई कसा दिसतो."

बटणं लागली नाहीत. त्यांना फिकीर नव्हती. "अहो!" त्यांनी बाहेर हाक मारली. "चपला घाला. आपल्याला गंजला जायचंय."

नाना दारात येऊन उभेच राहिले. "या असल्या कोटात? मी नाही येणार तुझ्याबरोबर!"

"मग चार पावलं मागून या."

आणि खरंच, फाटकातून आई पुढे गेल्या, लालभडक, आणि पाठोपाठ नाना, मफलर सावरत, पुटपुटत. रिक्षात मात्र शेजारीच बसले.

मी रिकाम्या घरात एकटी. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तासाभरानं फाटक धाडकन वाजलं आणि चंद्रहास धापा टाकत आत आला.

"नयना! तुला माहीत होतं? धुक्यातून लाल कोट येताना दिसला. मी उठून उभा राहिलो, खुर्ची ओढली, म्हटलं, 'आज फार वाट पाहायला लावलीत, सरकार'..."

"मग?"

"आई होती!"

मी भिंतीला टेकून हसायला लागले.

"हसतेस काय! सगळं हॉटेल बघत होतं. वेटरला तर घामच फुटला. आई म्हणाली, 'खुर्ची मोकळी कर, ह्यांना बसायचंय. आणि घरी जा... बायको वाट बघतेय.'" तो थांबला. ओठांचा डावा कोपरा हलला. "बघत होतीस?"

"दिवाळीपासून बघतेय," मी म्हणाले.

त्यानं मला जवळ घेतलं. देवघरातली घंटी जागची हलली नाही, हलवायला कुणी नव्हतंच. मग आपला कोट काढून, बाह्या सारून तो स्वयंपाकघरात गेला. आल्याचा वास आला. दोन कप घेऊन आला आणि पहिला माझ्या हातात दिला.

"प्रोफेसरांना उद्या तार करायचीय," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, कपाकडे बघत. "तू म्हणशील तसं, नयना. तुला इथं गुदमरवून मला काही नको. काय लिहू?"

मी त्याच्या कपातून एक घोट घेतला. माझा भरलेला होता तरी.

"लिही, येत नाही."

"खरंच?" त्यानं कप खाली ठेवला. "आणि कारण काय देऊ?"

"लिही, लाल कोट सासूबाईंकडे गेलाय," मी म्हणाले. "आणि त्यांना बटणं लागत नाहीत, ती पुढे सरकवून शिवून द्यायला सून घरी लागेल."